तीन जिन्यांमधलं काम

“वरच्याला विचारा, लिफ्ट थांबवतोयस की उधळलेला बैल?” लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात बसलेला फिटर म्हणाला.

स्टोअर सांभाळणाऱ्या काकूंनी मान डोलावली आणि तीन जिने चढून त्या मोटारीच्या खोलीत गेल्या. तिथे इलेक्ट्रिशियन होता.

“फिटर म्हणतात, ब्रेकचा झटका बसतोय. जरा सैल करून बघता का?”

इलेक्ट्रिशियनने स्क्रू अर्धा फेरा फिरवला. “करतो. पण त्याला म्हणावं, तो रूळ आहे की तुझं नाक? सरळ म्हणून ठाऊक नाही.”

काकू खाली उतरल्या. “डावा रूळ ओळंबा लावून एकदा बघाल का, असं विचारताहेत.”

फिटरने ओळंबा सोडला. रूळ सूतभर बाहेर होता.

दोघंही कामात पक्के आणि तोंडाने फटकळ. वर्षापूर्वी बिनसलं, तेव्हापासून एकमेकांशी अवाक्षर नाही. निरोपातलं जहर काकू जिन्यातच सांडून येत. ही लबाडी आपल्याखेरीज कोणाला ठाऊक नाही, याची त्यांना कोण मजा वाटे.

सोमवारी नवे साहेब आले. कोणाला काय येतं, याचा तक्ता मांडून बसले.

“काकू, तुम्ही नक्की करता काय?”

“निरोप नेते.”

“त्याला माणूस कशाला हवं?”

साहेबांनी दोघांच्या हाती एकेक वॉकीटॉकी दिला आणि काकूंची रवानगी पलीकडच्या इमारतीत केली. काकू दोन दिवस नळांची खोकी रचत राहिल्या. इतकी वर्षं राबून आपल्याला एकही काम आलं नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं.

बुधवारी साहेबच त्यांना बोलवायला आले. शुक्रवारी लिफ्टची तपासणी, आणि दोघं वॉकीटॉकी बंद करून हाताची घडी घालून बसलेले.

खड्ड्याच्या दाराशी साहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे देवा,” ते पुटपुटले.

“देव नाही इथे वर. मी आहे,” तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्टच्या पोकळीतून इलेक्ट्रिशियनचा आवाज आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा.

काकूंचा चेहरा उतरला. त्या खड्ड्यात वाकल्या.

“म्हणजे इथलं बोलणं वर जातं? आणि वरचं तुम्हाला ऐकू येतं?”

“शब्दन् शब्द.”

“मग मेल्यांनो, मला तीन जिने कशाला चढवलंत?”

फिटर हातातला पाना पुसत राहिला.

“ऐकू सगळंच यायचं, काकू. पण त्यात काम कुठलं आणि शिवी कुठली, ते तुम्ही आल्याशिवाय कळायचं नाही.”