जर्मनचा डोंगा

चार दगडांवर पालथ्या घातलेल्या डोंग्यावरून महागूनं हात फिरवला आणि तिसऱ्याच पोच्याशी त्याचा हात थांबला.

ॲल्युमिनियमला बालाघाटात सगळे जर्मन म्हणतात, तेव्हा हा जर्मनचा डोंगा. घाटावरच्या बाकीच्या सगळ्या होड्या लाकडी. तीन वर्षांपूर्वी मच्छीमार सोसायटीनं तो डोमाजीला दिला, तेव्हा निम्म्या घाटानं नवल केलं आणि निम्म्या घाटाच्या पोटात दुखलं. डोमाजीनं तो जेमतेम दीड महिना वापरला. मग वैनगंगेला पूर आला, त्यात डोमाजी गेला आणि डोंगा घरामागे येऊन पडला. आता जावयाला तो हवा होता. म्हणून डोमाजीच्या बायकोनं, गोदाबाईनं, भांडी ठोकणाऱ्या महागूला बोलावून आणलं होतं.

काम तसं दोन तासांचं. पत्रा शाबूत, तो जोडणाऱ्या दोन रिबिटा तेवढ्या सैल. पण महागूचा जन्म पोचे काढण्यात गेलेला. हंडा पडतो, आपटतो, पोचा आत जातो. तो आतून ठोकून बाहेर काढायचा. इथे सगळे पोचे बाहेर आलेले होते. लहान, चंद्रकोरीसारखे वाकडे. भांडं बघून ते कुठल्या घरचं हे सांगणाऱ्या महागूला ओळख पटायला वेळ लागला नाही. तांब्याच्या काठाचे होते ते. पालथ्या डोंग्याच्या आत बसून कुणीतरी तांब्या ठोकला होता. पहिले चार-पाच खोल होते, पुढचे उथळ. शेवटचे तर डोळ्यांना दिसत नव्हते, फक्त बोटांना लागत होते.

त्यानं वाकून आत पाहिलं. बैठकीच्या फळीखाली, रिबिटेला, तुटलेल्या जाळ्याचा पीळ घट्ट बसला होता. माणसाचा पाय अडकेल एवढा. महागूनं तो कापला आणि गुपचूप खिशात टाकला.

गोदाबाई दोन हात अंतरावर बसून तांदूळ निवडत होती.

"महागूभाऊ, पोचे कायचे होत?"

"दगडाचे, वहिनी. पुरात आपटला असन."

"आतून का बाहेरून?"

"बाहेरून," महागू मान वर न करता म्हणाला.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"त्या सांजेले डोंगा घाटासमोरच्या खडकाले अडकलता. पालथा. आमी चार-पाच जनी होतो घाटावर. ठक ठक आवाज येऊन राह्यलता. मी म्हनलं, आत कोनी हाय. सासू म्हने, दिवे लागल्यावर नदी बोलावते, तिले ओ द्याची नाही. एकानं ओ देली का घरचा दुसराबी जाते. मंग कोनीच काही बोललं नाही."

"लाकूड आपटत असन, वहिनी. पुरात काय नाही येत वाहून?"

"हौ. सारे तसंच म्हनते."

सारे म्हणत यात नवल नव्हतं. रात्री पाणी चढलं, डोंगा खडकावरून सुटला. डोमाजी तिसऱ्या दिवशी दोन कोस खाली सापडला. डोंग्याच्या आत काय होतं, हे बघायची गरज कुणालाच वाटली नाही.

"एक काम करा," गोदाबाई म्हणाली. "आत जाऊन वाजवून दाखवा. मले आवाज आयकाचा हाय."

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर तिला कळेल, असं महागूला वाटलं. त्यानं मुद्दाम लाकडी मोगरी घेतली आणि सरपटत डोंग्याखाली शिरला. आत उकडत होतं. तीन वर्षं झाली तरी गाळाचा वास गेलेला नव्हता. ओंडका आपटावा तशी त्यानं मोगरी हाणली.

"असा नाही," बाहेरून ती म्हणाली. "लाकडानं नोका वाजवू."

कमरेची लोखंडी हातोडी काढण्यावाचून इलाज नव्हता. पत्रा ठणठणला.

"हौ. पयले असाच होता. वाजवा."

त्यानं वाजवलं. पाच, सहा, सात वेळा.

"आता हळू."

तो हळू वाजवू लागला.

"अजून हळू."

महागूच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्या सांजेला बाकीच्या बायका घरी गेल्या असतील. ही गेली नव्हती. ही तिथेच उभी राहून ऐकत होती, अगदी सरेपर्यंत.

"मंग लय वेळ काहीच नाही," गोदाबाई म्हणाली. "मंग एक."

शेवटी त्यानं हातोडी पत्र्याला नुसती टेकवली.

"हौ," ती म्हणाली.

मग ती उठली असावी. लुगडं सळसळलं, सुपातले चार तांदूळ भुईवर सांडले. ती डोंग्याजवळ आली आणि पत्र्यावर तिनं तळहात ठेवला. मग स्वतःशी बोलावं इतक्या हळू म्हणाली, "महागूभाऊ, आतून बाहेरचं आयकू येते का?"

"नाही, वहिनी," महागू घाईघाईनं म्हणाला. "काईच आयकू येत नाही."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण उत्तर दिलं हेच तिचं उत्तर. पत्र्यावरचा तिचा हात तसाच राहिला, आणि खाली, अंधारात, महागू श्वास रोखून पडून राहिला.