गुलमोहराच्या जागी

“शाळेत लावायला सावलीचं झाड हवंय,” नर्सरीत आलेल्या बाई म्हणाल्या.

हल्ली सगळ्यांना सांगतो तेच मी सांगितलं. “गुलमोहर चार वर्षांत सावली देतो. पण लाकूड ठिसूळ, दरवर्षी छाटावा लागतो. कडुनिंब वादळाला दाद देत नाही, फक्त सावकाश वाढतो.”

“छाटणीचं आमच्या हेडमास्तरांना सांगितलं होतंत?”

मी हातातली झारी खाली ठेवली. सहा वर्षांपूर्वी ते घाईत होते. मीही काही न बोलता गुलमोहर टेम्पोत चढवून मोकळा झालो होतो. गेल्या महिन्यातल्या वादळात त्याच्याच फांदीखाली तिसरीतली मुलगी गेली.

“ती तुमची...?”

“धाकटी. कडुनिंबच द्या.”

“सावलीला दहा वर्षं तरी लागतील, ताई.”

रोप कडेवर घेत त्या म्हणाल्या, “लागू देत. आता कुठली घाई?”