घरटी एक माणूस

कमळी सकाळपासून बावखलात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जलपर्णी ओढत होती आणि काठावर टाकत होती. अंगात मॅक्सी, वर वारलेल्या नवऱ्याचा शर्ट. पाण्यात बाकी सगळे पुरुष. बायकांनी काठावर चहा ठेवायचा, पोहे करायचे, अशी इथली रीत. पण कमळीच्या घरात पुरुषच राहत नाही, तर ती काय करणार, कपाळ?

बावखल म्हणजे भाजीच्या वाड्यांच्या मधलं सामाईक तळं. हिवाळ्यातली सगळी भाजी याच पाण्यावर. दसरा झाला की घरटी एक माणूस उतरतो, सगळे मिळून ते साफ करतात आणि काम संपलं की तिथंच बसून पाण्याच्या पाळ्या ठरवतात, कुणी कुठल्या वारी पंप लावायचा ते. ज्या घरचा माणूस आला नाही, त्या घराला पाळी नाही. नियम सोपा आहे. फक्त माणूस म्हणजे पुरुष, हे कुणी बोलून दाखवत नाही इतकंच.

ते सकाळी नथूनं बोलून दाखवलं. नथू तिचा चुलत दीर, सगळ्यांत वडील, त्याची वाडी हिच्या वाडीला लागून. बाईमानूस मोजायची आपल्यात पद्धत नाय, तो म्हणाला, दीपेशला बोलव. कमळीनं मुलाला फोन लावला. दीपेश नायगावच्या टॉवरमध्ये बायकोबरोबर राहतो, वालीवला कारखान्यात सुपरवायझर आहे. आज त्याला सुट्टी होती. येतो म्हणाला. तो येईपर्यंत आपण हात लावू, म्हणून ही उतरली.

तिचा सगळा जीव रोपांत अडकला होता. वांग्याचं आणि कोबीचं बी तिनं आधीच टाकलं होतं, रोपं वीतभर झाली होती. आता लावली नाहीत तर गेली. आणि लावून पाणी मिळालं नाही, तरी गेलीच. म्हणून ती ओढत राहिली. वरून ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. शेजारच्या वाडीतल्या आग्नेलनं दोनदा सांगून पाहिलं, बाय, तू बाहेर बस, तुझा कोपरा मी करतो. भला माणूस. पण त्यानं केलं तर ते त्याच्याच घरचं काम धरणार, हे तिला ठाऊक होतं.

दीपेश आला तेव्हा पुरुष हातपाय धुऊन चहाला बसले होते आणि कमळी उरलासुरला कोपरा संपवत होती. इस्त्रीचा शर्ट, गॉगल, पायांत बूट. हायवेला ट्रॅफिक होतं म्हणे. नथूनं त्याला स्वतःच्या बाजूची खुर्ची दिली.

"आलास ते बरं केलंस," नथू म्हणाला. "तुमच्या घरचा मानूस मोजला."

कमळीला संताप आला. दिवसभर मेली कोण आणि मोजलं कोणाला! पण तिनं तो गिळला. पाळी मिळाली ना, मग मरू दे, म्हणाली मनात.

आग्नेल एकेकाला वार विचारत होता. दीपेशला त्यानं विचारलं, तुम्हाला सोमवार चालेल ना?

दीपेशनं चहाचा घोट घेतला. "आम्हाला नको. आमची पाळी नथूकाकांना द्या. वाडी मी लग्नाच्या हॉलवाल्याला देतोय, पार्किंगला. दिवाळी झाली की भराव पडेल."

आईला सांगणारच होतो, तो पुढं म्हणाला, पण असं फोनवर कसं सांगायचं. वाडी त्याच्या नावावर होती. बाप गेल्यावर कमळीनंच करून दिली होती, ती पण हौसेनं.

आग्नेल म्हणाला, अरे, तिला एकदा विचार तरी. त्यावर दीपेशनं सांगितलं की तिनं आयुष्यभर कष्टच केले, आता तिला आराम द्यायचाय. नथूनं मान डोलावली. पोरगा मायेचा आहे म्हणाला. सोमवार नको, असं मात्र तो म्हणाला नाही.

कमळी पाण्यातून बाहेर आली. दीपेश हात द्यायला उठला, तो तिनं घेतला नाही. काठावर तिनं काढलेल्या जलपर्णीचा ढीग होता, गुडघ्याएवढा. त्यातली दोन हातांत मावेल एवढी एक कवळ तिनं उचलली आणि पाण्यात टाकली. मग दुसरी.

"बाय, काय करतेस?" आग्नेल धावत आला.

"आमच्या घरचा मानूस तर आता आला," कमळी म्हणाली. "मग हे काढलं कोनी?"

तिनं वाकून अख्ख्या ढिगालाच दोन्ही हात लावले आणि तो पाण्यात लोटला. स्वच्छ पाण्यावर जलपर्णी सुटी झाली आणि वाऱ्यानं हलत हलत नथूच्या पंपाकडे निघाली.