सर्व सभासद

“जुन्या मंडळीतच राहावं असं ज्यांना वाटतं, त्या सर्व सभासदांनी आता उभं राहावं,” पाळक गेन्स म्हणाले.

बाकं करकरली. डावीकडच्या पुरुषांतले आणि उजवीकडच्या बायकांतले काही जण उठले. नवरा उभा आणि बायको बसलेली, असंही दोन-तीन ठिकाणी दिसत होतं. त्या बायका मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

अमेरिकेत देशभर मेथडिस्ट पंथाची मंडळी, म्हणजे चर्च, गुलामगिरीवरून दुभंगत होती. केंटकीतल्या या नदीकाठच्या गावाची पाळी आज आली होती; ज्या बाजूची मतं जास्त, तिकडे गावची सगळी मंडळी जाणार होती. दक्षिणेच्या नव्या मंडळीत जायचं म्हणणाऱ्यांची मतं आधीच मोजून झाली होती. एकमेकांवर भरवसा नव्हता, म्हणून ती मोजली होती जुन्या बाजूच्या इफ्रम स्ट्राउडने. आता उभ्या राहिलेल्यांना मोजत होता नव्या बाजूचा होरेस टँडी. टँडीचे तंबाखूचे मळे होते. ती तंबाखू ज्या पिंपांत भरली जायची, ती स्ट्राउड बनवायचा.

वाद मोठा असला तरी गावात आज त्याला एक नाव होतं. सिंडा. टँडीने आपल्या या गुलाम मुलीचा सौदा खाली दक्षिणेत, नाचेझच्या गुलामबाजारातल्या दलालाशी केला होता आणि उद्या सकाळी बोट होती. जुन्या मंडळीच्या नियमाने माणसं विकणाऱ्या सभासदाची चौकशी होई. स्ट्राउडने ती मागितली होती. चौकशी लागली तर टँडीला सौदा तरी सोडावा लागणार होता, नाहीतर मंडळी तरी. नव्या मंडळीत असली चौकशीच नव्हती.

“तुमची चार मतं कमी,” टँडी म्हणाला. “बसा आता. आणि एवढाच जीव अडकला असेल, तर नदी आहेच. पलीकडे ओहायोत कोणी गुलाम ठेवत नाही, तिथं जाऊन बसा त्यांच्या चर्चमध्ये.”

काही जण हसले.

“मंडळी तोडून झाली की देश घ्या तोडायला,” मागून एक म्हातारा पुटपुटला. “हात बसलेलाच असेल.”

स्ट्राउड बसला नाही. “ब्रदर टँडी, मोजणी अर्धी राहिली. जरा मान वर करा.”

सगळ्यांनीच मान वर केली. मागच्या दारावरच्या सज्ज्यात गुलामांनी बसायचं, अशी रीत होती. ती माणसं उभी होती. तीसेक जण, एकूण एक.

पाळक गेन्स यांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, “तुम्ही नाही. तुम्हाला विचारलं नव्हतं.”

“तुम्ही ‘सर्व सभासद’ म्हणालात, पाळकसाहेब,” स्ट्राउड म्हणाला. “वर्षाच्या सभेला आपली संख्या कळवता, तेव्हा यांना धरूनच कळवता ना? मंडळी मोठी दाखवायची असली की मोजायची, आणि एरवी नाही?”

“ते वेगळं, ब्रदर.”

“कसं वेगळं?”

पाळकांनी टँडीकडे पाहिलं. उत्तर टँडीने दिलं. “आज यांचं मत घ्या, उद्या माझी खेचरं ठराव मांडतील.”

या वेळी हसणारे कमी होते. टँडी सज्ज्याकडे वळला. “बसा. सगळे. आत्ताच्या आत्ता.”

ते बसले, पण एकदम नाही. प्रत्येक जण आधी खाली आपापल्या मालकाकडे बघायचा आणि मग बसायचा. शेवटी एकच बाई उभीच राहिली. केटुरा. टँडीच्या घरची स्वयंपाकीण, सिंडाची आई. सिंडा तिच्या शेजारीच, तिच्या झग्याचं टोक मुठीत धरून बसली होती.

“केटुरा, ऐकू नाही आलं?”

“आलं, मालक.”

“मग?”

“मी या मंडळीची सभासद आहे. तुमच्या आईनंच मला पुढं आणून उभं केलं होतं.”

“माझ्या आईचं नाव काढू नकोस.”

“नाही काढत.” तिचा आवाज चढला नाही. “माझं मत तेवढं मोजा, मालक. मग विकायचं ते विका.”

टँडीचा चेहरा लाल झाला. बायकांच्या बाजूला त्याची बायको बसली होती. तिने टोपीची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

“आपण प्रार्थना करू,” पाळक घाईने म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. एकाही माणसाने डोळे मिटले नाहीत. दोन वाक्यांतच प्रार्थना अडखळली आणि थांबली.

“माझी मोजणी संपली,” टँडी म्हणाला.

“मग माझी सुरू.” स्ट्राउड बाकावर चढला. त्याने हात उचलून सज्ज्याकडे बोट केलं. “एक.”

नव्या बाजूच्या बाकांवर कुठेतरी पिस्तुलाचा घोडा मागे ओढल्याचा आवाज झाला. या छपराखाली तो आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता, तरी सगळ्यांनी ओळखला. बायकांनी मुलांची डोकी खाली दाबली.

“इफ्रम, उतर खाली,” टँडी हळू म्हणाला. कित्येक वर्षांत त्याने स्ट्राउडला अशी नावाने हाक मारली नव्हती. “ऐक माझं. एका बाईच्या मताने काही बदलत नाही.”

स्ट्राउडचा हात सज्ज्याकडेच रोखलेला होता. त्याने तो खाली घेतला नाही.

वर सिंडाने आईचा झगा सोडला आणि ती उठून उभी राहिली.

“दोन,” स्ट्राउड म्हणाला.