वर्नानं घातलेली घडी

बेकर्सफील्डला मोटारींच्या शर्यतीच्या धावपट्टीवर माझा थोरला भाऊ लोवेल गेला, त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. शर्यत त्यानंच जिंकली होती; पण गाडी थांबवायला मागचं पॅराशूट उघडलंच नाही. त्या दिवशी त्या पॅराशूटची घडी वर्ना वहिनीनं घातली होती. तिला कुणीच बोल लावला नाही. तिनं मात्र स्वतःला कधी माफ केलं नाही.

यंदा लोवेलची ती लांबलचक गाडी मला एका कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. मोडका सांगाडा सरळ केला, लाल रंग दिला. इंजिन बसवायचं राहिलं होतं. नवं पॅराशूट मात्र घडी घालून गाडीच्या मागे बांधून ठेवलं, आणि रोज सकाळी ते जमिनीवर उघडून पडलेलं दिसू लागलं.

शेवटी वहिनीला बोलावलं.

"तुला कधी धड घडी जमली होती, व्हर्जिल?" म्हणत ती खाली बसली. घडी सुरेख पडली, आणि तिनं ती गाडीमागच्या पिशवीत बसवली.

तेवढ्यात खटकन आवाज झाला. रिकाम्या सीटजवळची पॅराशूट सोडायची दांडी आपोआप मागे ओढली गेली आणि पॅराशूट बाहेर पडलं.

वहिनी घाबरली नाही. सीटवर हात ठेवून म्हणाली, "उघडलं रे, लोवेल. या वेळी उघडलं बघ. आता थांब, राजा."

गॅरेजची दारं बंद होती. गाडी जागची हलली नव्हती. जमिनीवरचं कापड मात्र फुगत वर उठलं, दोर ताठ झाले, आणि भरधाव गाडीमागे फडफडावं तसं ते फडफडू लागलं.