पट्टीवरचं पाणी

"शून्य." सैफुद्दीननं वहीत लिहिलं आणि चरफडत वही मिटली. तलावातल्या मोजपट्टीवर शून्याखाली आकडाच नव्हता, तर गरिबानं लिहायचं काय? इंग्रजांच्या काळात बिडाचा पाइप घातला, तेव्हा पाणी त्याच्या तोंडाखाली जाईल असं कोणाच्या बापालाही वाटलं नव्हतं. तोंडापाशी शून्य रंगवून मंडळी मोकळी झाली. आता ओळीनं तिसऱ्या साली पावसानं दगा दिला होता आणि गावचे नळ दोन महिने कोरडे होते.

शिव्या मात्र पंपावरच्या सैफुद्दीनला. पंचफुला तलावाच्या गाळात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरायची, आणि तोंड चालूच. "पगार कायचा घेतं रे तू? हापिसात सांग ना."

"सांगून सांगून जीभ झिजली, बाई."

खोटं नव्हतं ते. पाणी पाइपाच्या तोंडाखाली हातभरच गेलं होतं तेव्हाच त्यानं अर्ज केला होता, पाइपाचं तोंड खाली न्या. मग दुसरा, मग तिसरा. आता तर नुसता गाळ उरला, म्हणून चौथ्यात टँकर मागितले. शेवटी वैतागून स्वतःच तालुक्याला जाऊन कारकुनापुढे उभा राहिला.

"साहेब, पानी शून्याच्याही खाली गेलं. वहीत काय लिवू?"

कारकुनानं मान वर केली नाही. "पट्टीवर असेल तोच आकडा लिही. मनचा लिहिलास तर नोकरी जाईल."

सैफुद्दीन मुकाट्यानं शून्य लिहीत राहिला. दर शनिवारी वहीची नक्कल हापिसात जात राहिली.

आणि सोमवारी टँकर आला. घागरी घेऊन अख्खं गाव धावलं. "आनलं बाप्पा पानी तुनं," पंचफुला म्हणाली, आणि सैफुद्दीनला भरून आलं. दोन महिन्यांत कोणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. तो स्वतः टँकरवर चढला, झाकण उघडून आत वाकला.

आत खडखडाट.

"रिकामाच काहून आनला?"

ड्रायव्हर किसनसिंग रबरी पाइप उलगडत होता. त्यानं खिशातून हुकूम काढून दिला. 'इतर सर्व तलाव आटत असता सदर तलावाची पातळी दोन महिने तसूभरही घटलेली नाही. सबब टंचाईच्या सात गावांचे टँकर येथूनच भरून द्यावेत.'

"जलदी भरून द्या, भाऊ," किसनसिंग म्हणाला. "माह्या मागं अजून सहा येऊन राह्यले."