उलटा प्रश्न

संशोधन शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं, "प्रश्नावलीत एक तरी उलटा, म्हणजे बाकीच्यांच्या विरुद्ध अर्थाचा प्रश्न घाला. न ऐकता सगळीकडे पाच ठोकून देणारे तिथेच सापडतात. त्यांची उत्तरं सरळ बाद करा."

माझा विषय होता घरातलं समाधान. पहिली चाचणी मी ताईवरच घेतली. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. भावोजी तिच्या खुर्चीला रेलून उभे होते. तिचा मोबाइल त्यांच्या हातात होता.

"घरात माझं मत विचारलं जातं."

"पाच."

"मी मनासारखं कुठेही जाऊ शकते."

"पाच."

"मला या घरात भीती वाटते."

"पाच," ताई त्याच आवाजात म्हणाली.

भावोजी हसले. "हिचं लक्षच नसतं गं कशात. एक लिही तिथं."

एक लिहायला मी पेन टेकवलं.

***

तो प्रश्न ताईनंच मला फोनवर सुचवला होता, आणि म्हणाली होती, "पहिल्यांदा मलाच येऊन विचार."